पाय टेकलेत, उतरला नाहीत

मामा,

काल गढीवरून पागोटं आलं. तुमच्या दुखवट्याचं, माझ्या डोक्यावर बांधायला.

तुम्ही गेल्यापासून लोक येतात, तुमच्याबद्दल बोलतात आणि मी भिंतीला पाठ लावून ऐकतो. तुम्ही कोणत्या पलटणीत होतात, किती मुलखांचं पाणी प्यालात, सगळं त्यांचं सांगून झालं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं, आणि काल तेराव्याच्या मांडवात मला असं काही बोलावं लागलं की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय घास घशाखाली जात नाही.

आधी कारभाऱ्याचं सांगतो. तुमची राख अजून पुरती निवली नव्हती तेव्हाच जहागीरदाराचा कारभारी भेटायला आला. मी ओट्यावर घोंगडी टाकली. तो बसला, पानाचा डबा उघडला, डोळ्याला उपरण्याचं टोक लावलं आणि म्हणाला, "आप्पा लई हट्टी माणूस. पर शेवटी शेवटी समज आली त्याला. जवानीत कधी गाडीवरून उतरला न्हाई, आन म्हातारपणी आमच्या दारापुढं पाय टेकून जायला लागला. सरकारनी माडीवरून बघितलंय. खूश हायत. तेराव्याला तुझ्यासाठी खास पागोटं यील."

मामी आत उंबऱ्याशी बसली होती. तिने पदर तोंडावर ओढून घेतला. मला मात्र कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. कारण मामा, ते वाक्य माझं होतं. 'पाय टेकलेत म्हणजे उतरलात' हे मी तुम्हाला तोंडावर सांगत आलो होतो, चिडून, ताटावरून उठून. तेच आता गढीचा माणूस पान चघळत, दुःखाच्या सुरात, मला परत करत होता.

तुम्हाला मूल नव्हतं. आई गेल्यावर तुम्ही आणि मामीने मला वाढवलं, म्हणून अग्नी मी दिला, म्हणून पागोटंही मीच बांधून घ्यायचं. आणि आपल्याकडे ज्याचं पागोटं डोक्यावर घेतलं त्याचा शब्द डोक्यावर घेतला असं मानतात. ते बांधून घेतलं असतं तर गावापुढे कायमचं ठरलं असतं की फटफटीवाला आप्पा अखेर नमला. आणि नाकारावं, तर कशाच्या जोरावर?

गढीसमोरचा तो रिवाज किती जुना आहे कोण जाणे. घोड्यावर असाल तर उतरा. बैलगाडी असेल तर खाली येऊन कासरा धरून चाला. पायताण हातात घ्या. वेस ओलांडली की परत चढा. हैदराबादच्या कुठल्या फर्मानात हे लिहिलेलं नाही. ते फक्त आपल्या माणसांच्या गुडघ्यांत लिहिलेलं आहे. आणि तुम्ही बसऱ्याच्या लढाईहून आलात, नगरच्या छावणीत लिलावाला निघालेली ती उंच, हडकुळी फटफटी घेतलीत, आणि पहिल्याच दिवशी गढीसमोरून बसलेलेच निघून गेलात. मामी सांगते, दुसऱ्या खेपेला त्यांनी रस्त्यात बैलगाडी आडवी घातली, तुम्हाला आत नेलं आणि दिवस मावळेपर्यंत अंगणात उन्हात उभं केलं. तुम्ही घरी आलात, पाणी प्यालात, झोपलात. सकाळी उठून परत तसेच गेलात, बसलेले.

या गोष्टीवर मी वाढलो मामा. इतर पोरांना रामायण सांगतात, मला मामीने हे सांगितलं. पुढे तुम्हीच नगरहून, गावोगाव पोचवायच्या औषधांच्या बाटल्यांबरोबर, फटफटीच्या बैठकीखाली घडी करून, आपल्याकडे बंदी असलेली पत्रकं आणायचात. करोडगिरीच्या नाक्यावर जकातीचे शिपाई बाटल्या उघडून हुंगायचे आणि तुमच्या ढुंगणाखालचा कागद कुणाला दिसायचा नाही. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकलो असं म्हटलं तरी चालेल. मास्तर उर्दूत हजेरी घ्यायचे आणि मी घरी येऊन मराठीत 'जुलूम' हा शब्द गिरवायचो.

मग मी स्वतः लिहायला लागलो. पहिलं पत्रक तुमच्यावर लिहिलं. नाव घातलं नव्हतं, पण पंचक्रोशीत फटफटी एकच होती. 'हा कणा वाकत नाही' अशी सुरुवात होती. नगरला छापून तुम्हीच ते आणलंत, नकळत. घरी आल्यावर ओसरीवर पालथे पडून तुम्ही ते मोठ्याने वाचायला लागलात आणि मामी तुमच्या कमरेला करडीचं तेल चोळत होती.

"'हा कणा वाकत नाही,'" तुम्ही वाचलंत. मग कण्हलात. "खरं हाय बे पंडित. वाकतच न्हाई. आन वाकला तर उटत न्हाई."

मामी इतकी हसली की तेलाची वाटी कलंडली. मी रागाने लाल झालो.

"मामा, ही चेष्टा नाही. लोकांना धीर येतो वाचून."

"येऊ दे की. म्या कुटं अडवलंय?"

"तुम्ही कधी उतरला नाहीत, हे खरं ना?"

तेव्हा तुम्ही कोपरावर उठलात आणि जे सांगितलंत ते मी कुठल्याही पत्रकात छापलं नाही. त्या जुन्या फटफटीला क्लच नव्हता. थांबली की बंद पडायची. सुरू करायची तर हँडल धरून पळत ढकलायची आणि तिने एकदा फट् केलं की उडी मारून वर बसायचं. तुमची कंबर गेल्यापासून ती उडी तुम्हाला शिक्षा झाली होती. घरून निघताना गल्लीतली माणसं ढकलून द्यायची. वाटेत थांबलात तर तुम्ही तिथेच.

"आरं, गढीपुढं उतरलो आस्तो तर फिरून चढवणार कोन? जहागीरदार देनार व्हता का धक्का?"

मामी परत हसली. मी नाही हसलो. मी विचारलं, मग उन्हात उभं केल्यावरही तसेच बसून गेलात, ते का? तेव्हा तर कंबर धड होती! तुम्ही म्हणालात, "तवा जवान व्हतो." हे उत्तर नव्हे मामा. मी ते पुन्हा पुन्हा विचारलं आणि तुम्ही पुन्हा पुन्हा तेवढंच बोललात. त्या दिवशी उन्हात तुमच्या मनात काय होतं, ते आता कुणाला विचारू?

दसऱ्याच्या आसपास तुम्ही सौताड्याच्या घाटात पडलात. पडलात म्हणजे उभ्या गाडीवरून. समोर मेंढरं आली, तुम्ही थांबलात, पाय खाली टाकलात आणि पायाला जमीन लागलीच नाही. फक्त चवड्याचं टोक टेकलं, कमरेतून कळ आली आणि गाडीसकट आडवे झालात. धनगरांनी उचललं. घरी आलात. जेवलात आणि म्हणालात, "पंडित, उद्या नगरला चल संगं. गाडी बदलायची."

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. छावणीच्या मागच्या बाजूला एका मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान होतं. तिथे ती दुसरी गाडी उभी होती. बुटकी, जाड टायरांची, क्लच असलेली, म्हशीसारखी रुंद. स्प्रिंगांवर बसवलेली चामड्याची गादी, हँडल मागे वळून हाताशी आलेलं. मला ती पाहूनच ओशाळल्यासारखं झालं. तुमची उंच गाडी शेजारी उभी होती, आणि ती कशीही असली तरी तिच्यावर बसलेला माणूस गढीच्या जोत्याच्या बरोबरीला यायचा.

"ही?" मी म्हणालो. "हिच्यावर बसून तुम्ही गढीपुढून जाणार?"

मिस्त्री हसला. "चचा, पहले बैठ के तो देखो. नक्को बोले तो नक्को."

तुम्ही पाय वर उचलायला गेलात, सवयीने, दात खाऊन. आणि तुमच्या लक्षात आलं की एवढा उचलायची गरजच नाही. पाय सहज पलीकडे गेला. तुम्ही बसलात. दोन्ही तळवे, टाचांसकट, फरशीवर सपाट टेकले. तुम्ही खाली पायांकडे बघितलंत. मग माझ्याकडे. मामा, तुमचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. किती दिवस तुम्ही दुखणं चेहऱ्यामागे धरून बसला होतात, ते मला ते दुखणं गेल्यावर दिसलं.

"लई दिसांनी जमीन लागली बे पायाला," तुम्ही म्हणालात.

जुनी गाडी तिथेच सोडायची होती. तुम्ही तिच्या टाकीवरून हात फिरवलात, बैठकीखाली हात घालून तिथे राहिलेलं माझं एक जुनं पत्रक काढलंत, आणि मागे न बघता बाहेर आलात. मी बघितलं मागे. मला रडू येत होतं आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी मिस्त्रीशी उगाच हवेच्या पंपाबद्दल बोलत राहिलो.

परतताना मी मागे बसलो होतो आणि तुम्ही दर कोसाला थांबत होतात. विहिरीवर थांबलात. चिंचेखाली थांबलात. मोट हाकणाऱ्या म्हाताऱ्याला हाक मारलीत, "कसं काय पाटील, ज्वारी काय म्हनते?" तो बघतच राहिला. म्हणाला, "आप्पा, तू थांबला व्हय! आमी समजत व्हतो तुला लई गर्व हाय. भुर्रकन जातूस, रामराम बी घेत न्हाईस." तुम्ही गाडीवर बसल्या बसल्या, दोन्ही पाय टेकून, त्याची तंबाखू खाल्लीत. इतकी वर्षं त्या रस्त्याने जाऊन तुम्हाला त्या माणसाचं नाव माहीत नव्हतं! थांबणं परवडत नव्हतं म्हणून.

पुढची दोन वर्षं तुम्ही थांबत गेलात. औषध दारात टाकून जायचात ते आता ओट्यापाशी गाडी लावून म्हातारीची नाडी बघायला लागलात, तुम्हाला नाडीतलं काही कळत नसताना. पाटोद्याच्या बाजाराला निघालात की दुपार व्हायची. मामी चिडायची, "फटफटीपेक्षा बैलगाडी बरी, येळेवर तर येती." पण एकदा तीही मागे बसली. जुन्या गाडीवर ती कधी चढली नव्हती. त्या दिवशी डोक्यावरून पदर घट्ट धरून, डोळे मिटून, माहेरी जाऊन आली आणि उतरल्यावर म्हणाली, "एवढं काय न्हाई. झोपच यायलीती." तुम्ही लहान पोरासारखे खूश झालात.

याबद्दल मी तुमचा ऋणी आहे मामा. त्या बुटक्या गाडीने तुम्हाला दोन वर्षं माणसांत आणलं. हे मी आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा झालो.

गढीवाल्यांनी दारापुढे रस्त्यावर लाकडाचा ओंडका टाकला होता, कुणीही वेगात जाऊ नये म्हणून. जुन्या गाडीवरून तुम्ही कडेच्या खड्ड्यातून उसळत निघायचात. आता तुम्ही काय करायचात? गाडी हळू करायचात, दोन्ही पाय खाली सोडायचात आणि गादीवर बसल्या बसल्या, बदकासारखे पावलं टाकत, गाडी ओंडक्यावरून चालवत न्यायचात. इंजिन खाली गुरगुरत असायचं. वर शिपायाला रामराम.

शिपाई पहिल्यांदा गोंधळला. "उतरलास का बसलास बे?" त्याने विचारलं.

"तूच बघ की," तुम्ही म्हणालात.

तो आत विचारायला गेला. तो बाहेर येईपर्यंत तुम्ही वेस ओलांडली होती. कारभाऱ्याने निकाल दिला: पाय जमिनीला लागले, म्हणजे उतरला, सोडा. गाव पोट धरून हसलं. मी एकटा हसलो नाही.

आठवतं ना ते जेवण? मी म्हणालो, "त्यांनी निकाल दिला, तुम्ही उतरलात. तुम्ही तो निकाल चालू दिलात."

"बसलो व्हतो की बे. गादी सोडली न्हाई."

"त्यांना काय दिसलं ते महत्त्वाचं. पाय टेकलेत म्हणजे उतरलात. ज्याला सरळ जायचं असतं तो सरळ जातो. तडजोडीला तत्त्व म्हणत नाहीत."

तुम्ही भाकरी मोडत होतात. शांतपणे म्हणालात, "तत्त्व तुझं, कंबर माझी."

मी ताटावरून उठलो. मामी म्हणाली, "आरं जेव तरी." तुम्ही म्हणालात, "ऱ्हाऊ दे. पत्रक लिवायला गेला आसंल."

खरंच गेलो होतो. पण लिहिता आलं नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी आपण तिथेच यायचो. तुम्ही गादीवर, मी तत्त्वावर, आणि मधे मामी भाकरी घेऊन. मला वाटायचं आपल्याजवळ वेळ आहे. मला वाटायचं एक दिवस मी असं काही बोलेन की तुम्ही मान हलवाल.

मग छाती भरली आणि तुम्ही खाटेला लागलात. त्या दुपारी श्वास आत घेताना तुमच्या गळ्यात कागद फाटल्यासारखा आवाज येत होता. मामी पायाशी होती. तुम्ही डोळे उघडलेत आणि मला म्हणालात, "पंडित, टाकीची तोटी बंद हाय का? पेट्रोल गळतंय. वास यायलाय."

वास नव्हता. मी म्हणालो, "बंद आहे मामा."

"बघून ये."

मी अंगणात गेलो. तोटी बंदच होती. तरी मी ती फिरवून पाहिली, हात पुसला आणि परत आलो. मामीने माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं.

तुम्ही मला मुद्दाम बाहेर पाठवलंत का? एवढं एक सांगा. बाकी सगळी भांडणं मी सोडून देतो. मी तिथे बसून तुमचा हात धरला असता. मला कदाचित बोलायचं काही सुचलं असतं. तुम्ही मला तोटी बघायला पाठवलंत, आणि मी आयुष्यात एकदाच तुमचं मुकाट्याने ऐकलं.

आता कालचं.

मांडव भरला होता. रस्त्याकाठच्या गावांतून इतकी माणसं आली होती की बसायला जागा नव्हती. तो मोटवाला म्हातारा पहाटेपासून येऊन बसला होता. कारभारी आला. त्याच्यासाठी खाट टाकली होती, तीवर तो बसला. मागे एकाच्या हातात ताट, ताटात केशरी पागोटं. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आप्पाने सरकारांचा मान राखला, दारापुढे उतरून गेला, म्हणून सरकारांनी आपल्या हाताने हे काढून दिलं आहे. "ये पोरा. बस फुडं."

माझ्याजवळ भाषण तयार होतं मामा. चांगलं होतं. त्यात गुलामगिरी होती, माणुसकी होती, तुमचं उन्हातलं उभं राहणं होतं. मी उठलो. तोंड उघडलं. आणि त्यातला एक शब्द मला आठवेना. समोर कारभारी खाटेवर बसला होता, आणि मला दिसले त्याचे पाय. खाट बुटकी. दोन्ही पाय, टाचांसकट, आपल्या अंगणात सपाट टेकलेले.

"कारभारी," मी म्हणालो, "तुम्ही उठलात कशाला?"

"कुटं उटलो? बसलोय की."

"पाय तर जमिनीला लागलेत तुमचे."

 मग मोटवाला म्हातारा फिसकन हसला. मग त्याच्या शेजारचा. मग सगळा मांडव, मामा, दुखवट्याचा मांडव, तोंडावर उपरणी धरून हसायला लागला. कारभाऱ्याने पाय वर घेतले, मग पुन्हा खाली सोडले, त्याला कुठे ठेवावे कळेना.

मी म्हणालो, "माझा मामा बसलेला गेला. कंबर दुखत होती म्हणून पाय टेकले. गादी त्याने सोडली नाही. हे पागोटं उतरलेल्या माणसाचं आहे. ते या घराचं नाही. परत न्या."

ताट परत गेलं. मामीने आतून एक साधा पंचा पाठवला, तो त्या म्हाताऱ्याने माझ्या डोक्याला गुंडाळला. गढीवरून याचं उत्तर येईल, मला माहीत आहे. येऊ दे. त्याची मला भीती नाही.

मला त्रास वेगळाच आहे. लोक हसत होते तेव्हा मी मान वळवून तुम्हाला शोधलं. खरंच शोधलं, ओसरीच्या खांबापाशी, जिथे तुम्ही टेकून बसायचात. मला बघायचं होतं तुम्ही हसताय का. कारण मी काय बोललो ते तुमच्या ध्यानात आलं असेल ना? दोन वर्षं मी ज्याला तडजोड म्हणालो, त्याच्यासाठी मी भर मांडवात उभा राहिलो. तुमचं म्हणणं, तुमच्याच तऱ्हेने, चेष्टा करून मांडलं. माझी बाजू मांडायला तिथे कुणी उरलंच नाही. ती मांडणारा तर मीच होतो.

अजूनही मला वाटतं की सरळ जायला हवं होतं. आज तुम्ही समोर असतात तर मी हेच म्हणालो असतो, तुम्ही भाकरी मोडली असतीत, मी ताटावरून उठलो असतो. पण तुम्ही समोर नाही, आणि तुमच्याविरुद्ध एक शब्द आता माझ्या तोंडून निघत नाही.

वाद अर्धा टाकून निघून जायचं, आणि समोरच्यालाच आपली बाजू लढायला लावायची. असं जिंकायचं नसतं, मामा.